गाथेच्या काठीवरची जादा खाच

फार पूर्वी, जिथवर नजर जाईल तिथवर पाणीच पाणी अशा एका महासागरात एक बेट होतं. बेट एवढंसं, की सकाळी फेरी मारायला निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी परत येई. पण बेट लहान म्हणून तिथली भांडणंही लहान असतील, असं थोडंच आहे?

बेटावर दोन वस्त्या होत्या, एक किनाऱ्यावर आणि एक डोंगरात. किनाऱ्यावरचे लोक मासे धरत आणि स्वतःला समुद्राची लेकरं म्हणवून घेत. डोंगरातले लोक कंद लावत, झाडं राखत आणि स्वतःला रानाची लेकरं म्हणवून घेत. दोन्हीकडच्या सोयरिकी होत होत्या, त्यामुळे एकमेकांची उणीदुणी दोघांनाही नीट ठाऊक होती.

लिहिण्या-वाचण्याची रीत त्या बेटावर नव्हती. जुनं जे काही ज्ञान होतं, ते एका माणसाच्या जिभेवर होतं. त्याला गाथेकरी म्हणत. वर्षातून एकदा, कृत्तिकांचा पुंजका पहाटे समुद्रावर दिसू लागला की त्यांचं नवं वर्ष लागे. त्या पहाटे दोन्ही वस्त्या मधल्या माळावर जमत आणि गाथेकरी उभा राहून हे विश्व कसं झालं ते पहिल्यापासून सांगे. त्याच्या हातात खाचा पाडलेली एक काठी असे. गाथेतल्या एकेका पायरीची एकेक खाच. अंगठा एका खाचेवरून पुढच्या खाचेवर जाई, तशी गाथाही पुढे जाई.

गाथेचे नेम कडक होते. एकदा सुरू झाली की मध्ये कुणी बोलायचं नाही. शिंक आली तरी नाक दाबून धरायचं. आणि खुद्द गाथेकऱ्याने अडखळायचं नाही. तो अडला किंवा मध्येच दुसरं काही बोलला, तर गाथा मोडली म्हणत. गाथा मोडली तर वर्ष वाईट जातं असा समज होता. आणि ज्याच्याकडून मोडली, त्याने काठी खाली ठेवायची, ती कायमची.

आपल्या गोष्टीतला गाथेकरी तीस वर्षांत एकदाही अडखळला नव्हता. याचा त्याला मोठा अभिमान होता, आणि तो त्याच्या चालण्यातही दिसे. जन्म त्याचा किनाऱ्यावरचा, बायको डोंगरातली. त्याच्या हाताखाली त्याची भाची गाथा शिकत होती. दोन मुलांची आई असलेली ही बाई पाठांतरात पक्की होती आणि मामाला प्रश्न विचारायला मुळीच भीत नव्हती.

आता ती गाथा काय सांगे ते ऐका.

आधी काहीच नव्हतं. ते काहीच-नसणं किती काळ होतं, ते मोजायलाही कुणी नव्हतं. मग रात्र झाली. मोठी रात्र, लांबलचक रात्र, दाट रात्र, चाचपडायची रात्र, कूस बदलायची रात्र. अशा कितीतरी रात्रींच्या पोटी आकाश आणि धरती जन्मले. आकाशबाप रंगी आणि भूमाता पापा. त्या दोघांनी एकमेकांना अशी घट्ट मिठी मारली, की दोघांच्या मध्ये उजेडाला शिरायला फटच राहिली नाही. त्या मिठीतच त्यांना मुलं झाली. समुद्राचा स्वामी तांगारोआ, रानाचा स्वामी ताने, वाऱ्याचा, कंदांचा, युद्धाचा असे कितीतरी. सगळी आईबापांच्या मध्ये, काळोखात, गुडघे पोटाशी घेऊन दाटीवाटीने पडलेली. शेवटी तानेने पाठ आईवर टेकली, पाय बापाला लावले आणि सगळा जोर लावून बापाला वर रेटलं. आकाश वर गेलं, धरती खाली राहिली, मधल्या जागेत उजेड आला. बापाचे अश्रू अजून पाऊस होऊन पडतात आणि आईचे उसासे धुकं होऊन वर जातात.

पण मुलं जन्मली आणि तानेने पाय लावले, या दोन गोष्टींच्या मध्ये गाथेकरी एक ओळ म्हणत असे. 'त्यांत तांगारोआ थोरला, ताने त्याच्या पाठचा.'

ओळ एवढीशीच. पण त्या बेटावर थोरलेपणाला फार मोल होतं. थोरल्याने आधी बसायचं, आधी बोलायचं, आधी घ्यायचं. धाकट्याने थोरल्यावर हात उगारायचा नाही. समुद्र थोरला, म्हणून समुद्राची लेकरं थोरली, आणि म्हणून बेटावरच्या एकुलत्या एका झऱ्यावर आधी त्यांचे पाणी न्यायचे पोकळ भोपळे भरायचे.

हा झरा किनाऱ्यावरच्या खडकांत होता. डोंगरात मुरलेलं पाणी तिथे खाली येऊन फुटे. ओहोटीला तो उघडा पडे आणि पाणी गोड असे. भरती चढली की त्यात समुद्र शिरे आणि पाणी खारं होई. बऱ्या वर्षी झरा जोरात असायचा, ओहोटीतच दोन्ही वस्त्यांचे भोपळे भरून व्हायचे आणि थोरलं कोण याची कुणी फिकीर करत नसे. पण त्या वर्षी पाऊस रुसला. झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. किनाऱ्याचे भोपळे भरेपर्यंत भरती वर येई आणि डोंगरातल्या बायका खारट पाणी घेऊन चढ चढत. मोठी माणसं कशीबशी ते पीत. तान्ही मुलं मात्र आजारी पडू लागली.

गाथेकऱ्याची बायको माहेरी जाऊन आली.

"बहिणीचं बाळ कसं आहे?" त्याने विचारलं.

"रडतं," ती म्हणाली. "रडतं आहे तोवर बरं म्हणायचं. शेजारणीचं आता रडतही नाही."

 तो काठी घेऊन दारात बसला. लोकांना वाटलं, गाथा आठवतोय.

गाथा तर त्याला झोपेतही येत होती. आठवत होतं ते वेगळंच.

तीस वर्षांपूर्वी तो शिष्य होता आणि त्याचे गुरू गाथा सांगत होते. म्हातारे झाले होते, पाय लटपटत होते. त्याने त्यांना दंडाला धरून उभं केलं होतं. मुलं जन्मली इथपर्यंत गुरू आले आणि थांबले. एरवीही ते तिथे क्षणभर थांबत, पण दम घेतात असंच सगळ्यांना वाटे; त्या दिवशी मात्र ते फारच वेळ थांबले. त्यांचा अंगठा काठीवरून हळूहळू सरकत होता, तोंड मिटलेलं होतं. शिष्याला वाटलं, गुरू विसरले. आता गाथा मोडणार, आयुष्यभराची अब्रू या म्हाताऱ्याच्या हातून जाणार. गुरूंवर त्याचा जीव होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याने पटकन एक ओळ जुळवली आणि ती गुरूंच्या वतीने मोठ्याने म्हणून टाकली; थकलेल्या गुरूच्या शिष्याला तेवढी मुभा होती. किनाऱ्यावरचा पोर तो, त्याच्या तोंडून समुद्रच थोरला निघाला. गुरूंनी त्याच्याकडे पाहिलं. पण गाथेत मध्ये बोलायचं नसतं, म्हणून ते पुढे सांगू लागले. दुसऱ्याच दिवशी त्यांची वाचा गेली आणि आठवड्याच्या आत ते वारले.

इथवर ती एक चूक होती, आणि मायेपोटी झालेली होती. त्याबद्दल त्याला कुणी फार बोल लावला नसता.

पण महिन्याभराने तो एकटाच काठीवरून अंगठा फिरवत बसला असताना अंगठा त्या जागी आला आणि चपापला. तिथे खाचच नव्हती. दोन खाचांच्या मध्ये दोन बोटं रुंद, गुळगुळीत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगठ्यांनी झिजलेली जागा होती. तेव्हा त्याला उमगलं. गुरू विसरले नव्हते. तिथे ओळच नव्हती. तिथे फक्त गप्प राहायचं होतं, आणि कदाचित हाच धडा गुरूंनी शेवटी शिकवायचा म्हणून राखून ठेवला होता.

तेव्हाच तो माळावर जाऊन सगळ्यांना सांगू शकला असता. पण तोवर किनाऱ्यावरचे लोक त्याच्या दारात ताजे मासे ठेवून जाऊ लागले होते. म्हातारे त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, "पोरा, आपल्या लोकांचं नाव काढलंस." तो नवा होता, आणि नव्या माणसाला शाबासकी सोडवत नाही. त्याने शार्कचा एक दात घेतला आणि त्या गुळगुळीत जागी एक खाच पाडली. दुसऱ्या खाचांसारखीच दिसावी म्हणून तिच्यावर तेल चोळलं, राख चोळली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी त्याने ती तीस वर्षं झाकून ठेवली.

नवं वर्ष दोन दिवसांवर आलं, तेव्हा किनाऱ्याचा मुखिया त्याच्याकडे आला. हा मुखिया दुष्ट वगैरे नव्हता. हसरा, गलेलठ्ठ, आपल्या माणसांवर जीव टाकणारा होता. फक्त त्याची आपली माणसं किनाऱ्यावर सुरू होऊन किनाऱ्यावरच संपत.

"बाबा," तो म्हणाला, "यंदा ती थोरल्या-धाकट्याची ओळ जरा ठासून म्हणा. डोंगरातली मंडळी अलीकडे कुरकुरायला लागली आहेत. मागे बसतात ना, ऐकू जात नसेल."

"गाथा नेहमीच्याच आवाजात म्हणतात," गाथेकरी म्हणाला.

"तसं तर तसं. तुमचा नेहमीचा आवाजही खणखणीतच आहे की." आणि एक मोठा मासा दारात ठेवून तो गेला.

दुसऱ्या दिवशी डोंगरातली मुखियाण आली. ती त्याच्या बायकोची चुलत बहीण, वयाने बरीच मोठी. ती उंबऱ्याशीच बसली.

"पाणी नको, पिऊन आलेय," ती आधीच म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, माझी आजी सांगायची, की तिच्या तरुणपणी ही थोरल्याची ओळ ऐकल्याचं तिला आठवत नाही. म्हातारी माणसं विसरतात. मी काही तिची साक्ष काढायला आले नाही."

"मग?"

"आम्ही नावा बांधल्या आहेत. दोन मोठ्या. थोरल्यावर हात उगारायचा नाही हे गाथेनेच आम्हांला शिकवलं, तेव्हा झऱ्यासाठी आम्ही भांडणार नाही. पण खारं पाणी पाजून मुलांना मारणारही नाही. यंदा मी अगदी तुमच्यासमोर बसून ऐकणार आहे. ती ओळ आली, की आम्ही गाथेला नमस्कार करू आणि नावेत बसू. कुठेतरी दुसरं बेट असेल."

"आणि नसेल तर?"

"ते समुद्राला ठाऊक. तो थोरला ना."

ती उठून गेली. गाथेकऱ्याची बायको चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. "माझी बहीणही जाणार आहे," ती एवढंच म्हणाली. खाई त्याला खवखवे. त्या दिवशी त्या मोठ्या माशाला त्याने हातही लावला नाही.

त्याने स्वतःची समजूत घालून पाहिली. समुद्र खरोखरच थोरला नसेल कशावरून? आणि आता, या वयात काठी खाली ठेवायची, तर मग आपण कोण? मासे धरता येत नाहीत, कंद लावता येत नाहीत. लोक म्हणतील, हा तीस वर्षं खोटं म्हणत होता. भाची म्हणेल. मेलेल्या गुरूंचंही नाव खराब होईल. समजुती एकाहून एक सरस होत्या, पण एकही पटत नव्हती.

नव्या वर्षाची पहाट झाली. कृत्तिका वर आल्या. माळावर एका बाजूला किनारा बसला, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि डोंगराच्या लोकांनी गाठोडी बरोबरच आणली होती. मुखियाण अगदी समोर बसली होती. गाथेकरी उभा राहिला आणि त्याने अंगठा पहिल्या खाचेवर ठेवला.

आधी काहीच नव्हतं, तो म्हणाला. मग एकेक रात्र आली. आकाश आलं, धरती आली, दोघांची मिठी आली. काळोखात मुलं जन्मली. त्याचा आवाज खरंच खणखणीत होता. अंगठा सरकत सरकत त्या खाचेवर आला आणि त्याने तोंड मिटलं.

माळावर कुणी हललं नाही. किनाऱ्याच्या मुखियाचे ओठ मात्र हलत होते. तो ती ओळ मनातल्या मनात पुढे सुचवत होता. गाथेकऱ्याला फक्त गप्प राहून पुढच्या खाचेवर जाता आलं असतं. गाथा मोडली नसती, लोकांनी म्हटलं असतं, म्हाताऱ्याची एक ओळ गळली. पण गळलेली ओळ पुढच्या वर्षी परत येते, हे त्याला ठाऊक होतं.

"इथे ओळ नाही," तो म्हणाला. "ती मी घातली."

आणि गुरूंच्या थांबण्यापासून शार्कच्या दातापर्यंत सगळं त्याने सांगितलं.  शेवटी त्याने काठी उंच धरून ती खाच सगळ्यांना दाखवली.

किनाऱ्याचा मुखिया उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मग खरं काय ते तरी सांग. थोरलं कोण?"

"काळोख होता," गाथेकरी म्हणाला. "आईबापांच्या मिठीत बोटभर उजेड नव्हता. कोण आधी आलं आणि कोण मागून, हे कुणी पाहिलं? जन्मलेल्यांनाही ते कळलं नाही. आपल्या जुन्या माणसांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून ते तिथे गप्प राहत. मलाच गप्प राहता आलं नाही."

"म्हणजे आम्हीही थोरले असू शकतो," डोंगराकडून कुणीतरी म्हणालं.

"असू शकता. नसूही शकता. माझ्याकडून आता पुन्हा ओळ मागू नका."

मुखियाण बसल्या जागेवरून म्हणाली, "बाबा, तीस वर्षं आम्ही मागून पाणी भरलं. मध्ये दोनदा अशीच अवर्षणं आली होती. त्यात मुलं गेली. ती तुम्ही कुठून आणून देणार?"

"नाही देऊ शकत," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत. "ते भरून येणार नाही. क्षमा मागायलाही माझी जीभ वळत नाही."

मग त्याने काठी जमिनीवर ठेवली आणि दोन पावलं मागे झाला. तो मध्येच बोलला होता, म्हणजे गाथा मोडली होती, आणि नेम त्यालाही लागू होता.

माळावर कुजबुज सुरू झाली, आणि तीत भीती होती. कारण गाथा मोडली होती ती अगदी अडनिड्या जागी. मुलं जन्मली होती, पण आकाश अजून वर गेलं नव्हतं. जग काळोखात अर्धवट राहिलं होतं. आता उजेड कोण करणार?

भाची पुढे आली. तिने मामाकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग होता आणि मायाही होती. तिने काठी उचलली, अंगठा पहिल्या खाचेवर ठेवला आणि पुन्हा काहीच-नव्हतं पासून सुरुवात केली. सगळे परत खाली बसले. रात्री आल्या, मिठी आली, मुलं जन्मली. अंगठा त्या जादा खाचेवर आला. तिने तोंड मिटलं आणि सावकाश सात श्वास घेतले.

बेटावर तीस वर्षांत त्या जागी पुरती शांतता झाली नव्हती; मघाशी झाली तीही गाथेकऱ्याच्या बोलण्याने लगेच मोडली होती. आता झाली, तेव्हा डोंगराच्या बाजूने एका बाळाचं रडणं ऐकू आलं. रडणं कसलं, कोरड्या घशातून निघणारी किरकिर ती. गाथेकऱ्याच्या मेहुणीचं बाळ होतं ते. पहाटेपासून ते असंच किरकिरत होतं, पण मघाच्या खणखणीत आवाजाखाली आणि गडबडीत ते कुणाला ऐकू गेलं नव्हतं. किनाऱ्याचा मुखिया मान वळवून तिकडे पाहत राहिला. त्याच्याही घरी याच वयाचा नातू होता.

मग भाचीने अंगठा पुढे सरकवला. तानेने पाठ टेकली, पाय लावले, आकाश वर गेलं. माळावरही तेव्हा फटफटलं होतं आणि माणसांना एकमेकांची तोंडं दिसू लागली होती.

गाथा संपल्यावर किनाऱ्याचा मुखिया उठला. मग कुणाकडेही न बघता म्हणाला, "ओहोटी लागली आहे. त्या बाळाच्या आईचा भोपळा आधी भरा." आणि किनाऱ्याच्या लोकांनी चुळबुळ केली, तेव्हा तो त्यांच्यावर खेकसला, "काय बघता? काळोखात कुणी पाहिलं नाही, पण आता उजाडलंय. आता तर दिसतंय ना कोण तहानलेलं आहे ते?"

मुखियाणीने त्याचे आभार मानले नाहीत. ती म्हणाली, "आज तिचा भरा. उद्यापासून एक भोपळा तुमचा, एक आमचा." घासाघीस झाली, पण शेवटी तेच ठरलं. गाठोडी त्या दिवशी परत डोंगरात गेली. बांधलेल्या दोन नावांपैकी एक मात्र त्यांनी मोडली नाही. विश्वास बसायला वेळ लागतो, आणि त्यांना तो लागणार होता.

गाथेकऱ्याच्या दारात मग कुणी मासा ठेवला नाही. काहींनी त्याचं तोंड पाहायचं सोडलं. तो रोज ओहोटीला झऱ्यावर जाई, डोंगरातल्या ज्या घरांतली मुलं गेली होती त्यांचे भोपळे भरून घेई आणि खांद्यावरून चढावर पोचवी. पहिले काही महिने लोक दार लावून घेत आणि तो भोपळे बाहेरच ठेवून परत फिरे. पुढे एके दिवशी एका म्हाताऱ्या बाईने दार उघडलं, भोपळा आत घेतला आणि म्हणाली, "दमलास. बस घटकाभर." तो उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

तात्पर्य: आपल्याला ठाऊक नसेल तिथे गप्प राहणं, हीसुद्धा विद्याच आहे. न कळलेल्या जागी सोयीचं उत्तर भरणारा मान मिळवतो, पण त्या उत्तराचं खारं पाणी दुसऱ्याच्या लेकरांना प्यावं लागतं. आणि चूक कबूल करायला तीस वर्षं उशीर झाला असला, तरी एकतिसावं वर्ष लावू नये.